दोनशे अकरा शब्द

नाव वाचलं आणि चहा नाकात गेला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या टेबलावरून दोन नंबर म्हणाले, "कोण एवढी आठवण काढतंय?" मी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हटलं, "कोणी नाही हो, मीच काढतेय." ते हसले आणि पुन्हा आपल्या गठ्ठ्यात डोकं घालून बसले. मी कागद उचलून चहाच्या शिंतोड्यांपासून लांब धरला. अर्जदाराच्या रकान्यात जे नाव होतं ते अडतीस वर्षांत मी एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. आमच्या घरात तिला नावच नव्हतं. ती नुसती 'ती बाई' होती. आई मरेपर्यंत तसंच म्हणत राहिली, आणि म्हणताना दर वेळी हातातलं भांडं जरा जोरात ठेवायची. आता ती बाई माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी हात पसरून उभी होती. 'अनुदान मिळावे ही विनंती.' विनंती! मी तो शब्द दोनदा वाचला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

आमचं मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. शहरातल्या लोकांनी थोडं थोडं घालून एक ठेव केली आहे आणि तिच्यातून दर वर्षी शिकण्या-शिकवण्याच्या लहानसहान कामांना मदत जाते. कुठे अभ्यासिका, कुठे फिरतं वाचनालय, कुठे ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग. अर्ज येतात तीन-चारशे, मदत मिळते तिसेक जणांना, आणि मधली चाळण म्हणजे आम्ही चार वाचक. आमच्या पत्रांवर सही नसते, नुसता आकडा असतो, कारण मागे एकदा नकार मिळालेले एक मुख्याध्यापक एका वाचकाच्या दारात जाऊन ठिय्या मारून बसले होते. तेव्हापासून आम्ही एकमेकांनाही आकड्यानेच हाक मारतो. दोन नंबरची त्यावरून सगळे थट्टा करतात, पण माणूस एक नंबर. मी तीन. नियम दोनच. पहिला असा की अर्जदार ओळखीचा निघाला तर अर्ज वाचायचा नाही, शेजारच्या वाचकाकडे द्यायचा. लपवून वाचला आणि नंतर कळलं, तर अर्ज पुन्हा दुसऱ्याकडे वाचायला जातो आणि वाचक जातो घरी. दुसरा असा की पहिलं पान पास झालं तरच पुढची पानं उघडायची. पहिल्या पानावर कामाची माहिती, दोनशे शब्दांत आणि हाताने लिहिलेली, कारण टाइप केलेल्या पानांत सगळेच सारखे शहाणे दिसायला लागले होते. पान नापास झालं की कोपरा दुमडायचा आणि 'बाद'च्या ट्रेमध्ये टाकायचं. मी तो अर्ज दोन नंबरना द्यायला हवा होता. हात लांब केला असता तरी पोचला असता. मी खुर्ची भिंतीकडे वळवली.

अक्षर बघून तर मला आणखीच बरं वाटलं. मोठमोठं, थरथरतं, ओळी डावीकडून निघून उजवीकडे वर चढत गेलेल्या, मध्ये मध्ये खोडून पुन्हा गिरवलेलं. एकेकाळी हिचं अक्षर बघायला दुसऱ्या शाळेतले मास्तर येत. मोत्यासारखं अक्षर म्हणायचे. फळ्यावर ती लिहायला लागली की खडूचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. बाई, मोती कुठे सांडले? हात कापतो आता? मी मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते, आणि आवाज मात्र तिचाच काढत होते. मग वाचायला लागले. 'आम्ही मोठी माणसं आहोत. लहान पणी आमचं वाचायचं राहून गेलं. आता काम झाल्या वर आम्ही वर्गा साठी येतो.' आम्ही म्हणे! विद्यार्थ्यांच्या तोंडून बोलायची ही युक्ती बरेच जण करतात, वाचकाला पाझर फुटावा म्हणून. पण माझं लक्ष तिथे नव्हतंच. 'वर्गा साठी.' वर्गा, मग मोकळी जागा, मग साठी. 'झाल्या वर.' 'लहान पणी.' मला खुर्चीत बसवेना. याच चुकीसाठी ही बाई बोटांच्या पेरांवर पट्टी मारायची. उभी पट्टी, धारेची. "साठीला स्वतःचं घर नसतं," ती म्हणायची, "साठी शब्दाला चिकटून राहते. वेगळी बिऱ्हाडं करू नका माझ्या वर्गात." आणि आता स्वतःच पानभर बिऱ्हाडं थाटून बसली होती. खाली लिहिलं होतं, 'आमच्या पाठी मागे कोणी नव्हतं असं नाही. पण अक्षर आलं नाही. पुढे शिकायची ओढ आहे. खोली गेली तर महिना अखेर वर्ग बंद होईल.' सगळं पान असं लडबडलेलं, आणि त्यात एकच अक्षर जिथे जिथे आलं तिथे तिथे ठाम, न खोडता, एका दमात काढलेलं. 'पुढे'मधला ढ. 'ओढ'मधला ढ. ते बघून मला हसू आलं. म्हटलं, बरोबर आहे, बाकी सगळं विसरशील, हे कसं विसरशील? तुझं लाडकं अक्षर आहे ते.

शाळा आमची एवढीशी. तिसरी ते पाचवी एका खोलीत, तिन्ही वर्गांना ती एकच बाई. मी पाचवीत, धाकटा तिसरीत, आठ वर्षांचा. शनिवारी शुद्धलेखन असायचं. दहाच्या वर चुका झाल्या की त्या मुलाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्याच्या पाठीवर, गडद निळ्या शर्टावर, खडूने एक मोठा ढ काढायचा. लिहायचं काम मॉनिटरचं. मॉनिटर कोण होती ते सांगेन, घाई नाही. शाळा सुटली तरी तो ढ पुसायचा नाही, तसंच घरी जायचं. बाकीच्यांच्या पाठीवर तो कधी तरी यायचा आणि जायचा. धाकट्याच्या पाठीवर मात्र शनिवारमागून शनिवार. त्याला अक्षरं दिसायची, पण हाताला लागायची नाहीत. क आणि फ त्याच्यासमोर जागा बदलायचे, म आणि भ एकमेकांचे कपडे घालून यायचे. तो खोटं बोलत नव्हता, खरंच तसं व्हायचं, आणि अशा मुलांना कसं शिकवायचं ते कोणाला तरी कुठे तरी माहीतही असेल. आमच्या बाईला एकच उपाय माहीत होता. आधी वर्गातली मुलं त्याला 'ढ' म्हणून हाक मारायला लागली, मग गल्लीतली, मग दुकानदार. "ए ढ, आईला सांग सामान आलंय." तो "हो" म्हणायचा. ओ द्यायचा त्या नावाला! बाराव्या वर्षी एक दिवस तो दप्तर घेऊन निघाला आणि शाळेत पोचलाच नाही, आणि मग कधीच पोचला नाही. तेव्हापासून त्याची एक सवय आहे, ती अजून आहे. कुठेही गेला की पाठ भिंतीला लावून बसतो. बसमध्ये शेवटच्या रांगेत. माझ्या घरी आला की स्वयंपाकघरात दोन कपाटांच्या मध्ये स्टूल ठेवून. तेव्हापासून मी त्याला पाठमोरा पाहिलेलाच नाही, म्हटलं तरी चालेल.

आता तो धुलाईच्या दुकानात आहे, तीस वर्षं झाली. कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या असतात, त्या त्याला वाचता येत नाहीत, म्हणून तो कपडेच लक्षात ठेवतो. कोणाची कॉलर कुठे विरली आहे, कोणाच्या पँटच्या खिशाला कुठला टाका आहे. तीस वर्षांत एक शर्ट इकडचा तिकडे झालेला नाही, आणि याला ढ म्हणायचे. लग्न केलं नाही. दर रविवारी माझ्याकडे येतो, मी त्याची आलेली कागदपत्रं वाचून दाखवते, विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी. गेल्या सहा-सात महिन्यांत मात्र गडी जरा बदललेला. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी फोन उचलायचा नाही. केस नीट विंचरलेले, शर्टाच्या बाह्या खाली सोडून बटणं लावलेली. मी एकदा पकडलंच. म्हटलं, "काय रे, कोण आहे ती?" तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "आहे एक बाई." "अरे वा! कशी आहे दिसायला?" "वयस्कर आहे." "किती वयस्कर?" "बरीच." मी कपाळावर हात मारून घेतला. "आयुष्यभर थांबलास आणि शेवटी म्हातारी गाठलीस होय?" तो इतका हसला की स्टूल भिंतीवर आपटलं. हसताना म्हणाला, "तुला सांगेन ताई, अजून पक्कं नाही." मी जास्त खोदलं नाही. त्याला काहीतरी मिळतंय तर मिळू दे, म्हटलं. मला त्याच्यासाठी बरं वाटत होतं, आणि थोडं एकटंही.

त्या दिवशी अर्ज बॅगेत घालून मी ऑफिसातून लवकर निघाले. अर्ज बाहेर न्यायचा नसतो, पण एक नियम मोडला की दुसरा मोडायला कष्ट पडत नाहीत. अर्जावर वर्गाचा पत्ता होता, आणि वर्गाचा वार तोच, बुधवार. बंद पडलेलं फर्निचरचं दुकान निघालं ते. समोरच्या फुटपाथवर चपला दुरुस्त करणाऱ्याची पेटी होती, त्याच्याशेजारी मी उभी राहिले. माझ्या चपलेला काही झालेलं नव्हतं, तरी काढून दिली. दुकानाची काच अर्ध्यापर्यंत जुन्या रंगाने बरबटलेली होती, आत दिवा लागलेला, आणि वरच्या अर्ध्या काचेतून ती दिसत होती. केस पांढरे, पाठीला बाक आलेला, एका हाताने टेबलाची कड धरून दुसऱ्या हाताने फळ्यावर काहीतरी काढत होती. खाली चार-सहा डोकी, खांदे, वाकलेले. त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. मी तिच्याकडेच बघत होते. कोणीतरी काहीतरी वाचलं असावं, ती वळली, मान खाली घालून ऐकत राहिली, मग तिने टाळ्या वाजवल्या. टाळ्या! अडतीस वर्षांपूर्वी हे हात कुठे होते? आता म्हातारपणी पुण्य जमवायला निघाली आहे, जाताना गाठोडं जड दिसावं म्हणून. आणि त्या गाठोड्यावर आमच्या मंडळाचा शिक्का हवा. मी एका पायावर उभी होते. चपला दुरुस्त करणारा म्हणाला, "यात काही बिघडलेलं नाही हो." मी म्हटलं, "असू दे, टाका घाला." त्याने माझ्याकडे बघितलं आणि धडधाकट चपलेला टाका घालून दिला.

बसमध्ये बसले आणि मग ते आलं. दर वेळी येतं. त्या बाईचा राग मी कितीही मोठा केला, तरी त्याच्या तळाशी एक माणूस हात बांधून उभं असतं, आणि ते काही केल्या जात नाही. ती दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, छातीवर पितळी बिल्ला. मॉनिटर. मीच. खडू माझ्या हातात द्यायची ती, आणि मी घ्यायचे. पहिल्या दिवशी हात अडखळला होता माझा, हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय, आणि खरंही आहे ते. पण दुसऱ्या शनिवारी नाही अडखळला. दुसऱ्या शनिवारी मी ढ नीट काढला, वरची रेघ सरळ, पोटातली गोलाई भरीव, कारण वाईट अक्षर मला खपायचं नाही. बाई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "छान. तुझं अक्षर छान आहे." मला आनंद झाला होता. माझ्या भावाच्या पाठीवर लिहिलेल्या अक्षराचं कौतुक झालं आणि मला आनंद झाला! त्या बाईला मी कशाकशाची क्षमा केली असती, पण ह्या 'छान'ची नाही. घरी जाताना वाटेत मी त्याची पाठ झटकून द्यायचे, आईला दिसू नये म्हणून. तो विचारायचा नाही, कोणी लिहिलं म्हणून. तोंड भिंतीकडे असायचं त्याचं, त्याला दिसणार कसं? घरी आम्ही रात्री झोपण्याआधी एक खेळ खेळायचो, मी त्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचं आणि त्याने ओळखायचं. त्याला एकही ओळखता यायचं नाही. गुदगुल्या होतात म्हणून नुसता खिदळायचा. त्याला काही माहीत नाही, हा एवढाच आधार मी अडतीस वर्षं धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शब्द मोजले. पेन्सिलने नाही, लाल पेनने, प्रत्येक शब्दावर बारीक आकडा घालत. 'वर्गा' सोळा, 'साठी' सतरा. एकेक साठी, एकेक वर, एकेक मागे मी वेगळा मोजला. दोनशे अकरा झाले. मग गंमत म्हणून जोडून मोजले, जसे मोजायला हवेत तसे. एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे त्या बाईने स्वतःचाच नियम पाळला असता तर पान पास होतं. तेरा ठिकाणी तिने जागा सोडली होती, आणि त्या तेरा जागांमध्ये मी तिला गाडत होते. दोन नंबर डबा उघडता उघडता वाकून बघत होते. म्हणाले, "अहो तीन नंबर, अकरा शब्दांचं काय घेऊन बसलात? आपण पंधरा-वीस नेहमीच सोडतो." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." "पान वाचलंत का पण? कोणीतरी जीव ओतून लिहिलेलं दिसतंय. द्या इकडे, मी बघतो." त्यांनी हात पुढे केला. तो हात मला अजून दिसतो, बोटाला लोणच्याचं तेल लागलेला. मी म्हटलं, "तुमचा डबा निवतोय." आणि कोपरा दुमडला. पुढची पानं उघडलीसुद्धा नाहीत. पत्र ठरलेलं असतं, पण त्या दिवशी मी त्याला ते पहिलं पानही जोडलं, लाल आकड्यांसकट, आणि शेवटी '२११' भोवती गोल केला. असं कधी करत नाही आम्ही. पण परत आलेल्या वहीवरचा लाल गोल म्हणजे काय असतं, ते तिला कळायला हवं होतं. लिफाफ्याची कड मी जिभेने ओली केली. गोड लागली. पुढचे आठ-नऊ दिवस मला छान भूक लागत होती, आणि ऑफिसात मी सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

रविवारी धाकटा आला तो नेहमीपेक्षा लवकर. बेल एकदाच वाजवली. आत येऊन कपाटांच्या मधल्या स्टुलावर बसला, पाठ भिंतीला. मी म्हटलं, "काय रे, चेहरा का उतरलाय? म्हातारीने सोडलं की काय?" तो हसला नाही. शर्टाच्या आतून एक लिफाफा काढला. आमचा लिफाफा. मी तो लांबूनही ओळखते, डाव्या कोपऱ्यात निळी पट्टी असते. माझ्या हातात चहाची गाळणी होती. तो म्हणाला, "आज तू नको वाचू. मी वाचतो." आणि वाचायला लागला. माझा भाऊ, सेहेचाळीस वर्षांचा, बोट कागदावर ठेवून, एकेक अक्षर दाबत. "आ-प-ला. आपला. अ-र्ज. आपला अर्ज." त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला आधी काही कळलंच नाही; तो वाचतोय, एवढंच कळलं, आणि मी ओट्याला धरलं. मग बाकीचंही कळलं.

"तू कुठे शिकलास?" मी विचारलं.

"बाईंकडे. आपल्याच बाई ग. मी म्हटलं नव्हतं का, आहे एक बाई?" आता तो जरासा हसला. "आठ महिन्यांपूर्वी चादरी घेऊन आल्या दुकानात. त्यांनी नाही ओळखलं, मी ओळखलं. मी म्हटलं, बाई, तुमचं एक काम अर्धं राहिलंय. त्या म्हणाल्या कुठलं. मी म्हटलं, मी." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तिथेच बाकावर बसल्या, ताई. चादरी तशाच मांडीवर. बराच वेळ उठल्याच नाहीत. मग दुसऱ्या दिवशी आल्या. महिन्याभराने म्हणाल्या, तुझ्यासारखे अजून कोण आहेत ते शोध. मी आठ जण शोधून आणले."

"आणि तू तिच्याकडे गेलास? त्या बाईकडे? लाज नाही वाटली?" मी ओरडलेच. "काय केलं होतं तिने तुझं, विसरलास?"

"विसरायला काय झालं?" तो शांतपणे म्हणाला. "पण माझं वाचायचं तिच्याकडेच राहिलं होतं ना? दुसऱ्या कोणाकडे कसं मागू?" आणि त्याने मागचं पान पुढे घेतलं. माझं लाल लाल पान. "हे बघ. हे मी लिहिलंय. बाईंचा हात चांगला चालतो अजून, पण त्या म्हणाल्या तूच लिही, वर्ग तुमचा आहे. त्या सांगतील तसं नाही हं, माझ्या मनाने लिहिलं. चार दिवस लागले. तुला दाखवणार होतो, मंजूर झाल्यावर." त्याने बोटाने एक जागा दाखवली. "ही माझी चूक. साठी जोडून लिहायची असते. बाईंनी सांगितलं होतं, पण म्हणाल्या, तुझं आहे ते तसंच जाऊ दे, मी हात लावणार नाही. जोडून लिहायला भीती वाटते मला, ताई. शब्द लांब झाला की हलायला लागतो. म्हणून मी मोडून मोडून लिहिलं."

शाळा सुटल्यापासून मी त्याचं अक्षर कधी पाहिलेलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेलं पहिलं पान माझ्या टेबलावर आलं होतं, आणि मी त्याच्यावर आकडे घातले होते. त्या काचेमागची वाकलेली डोकी आठवली. टाळ्या आठवल्या. कोणासाठी वाजवल्या होत्या, ते मी आता कधीच विचारणार नव्हते. तो पुन्हा पत्राकडे वळला, उरलेली ओळ वाचायची होती त्याला, अर्धवट सोडणारा माणूसच नाही तो. "पु," तो म्हणाला, आणि मग पुढच्या अक्षरावर न थांबता, न अडखळता, "पुढी-ल. पुढील व-र्षी पुन्हा अर्ज क-रा-वा." मग सावकाश, एकेक करत, "वा-च-क. वाचक. क्र-मां-क तीन." त्याने वर बघितलं. "तुमच्याच हापिसातला ना हा? तू ओळखतेस का त्याला? त्याला सांगशील का, चूक माझी आहे, बाईंची नाही? पुढच्या वर्षी कुठला वर्ग, ताई? एकतीस तारखेला खोली जाणार. ते आठ जण मला विचारतात."

गाळणी माझ्या हातातच होती. तिच्यातून चहाचे शेवटचे थेंब माझ्या पायावर पडत होते, गार झालेले. "मीच आहे ती," मी म्हटलं. "वाचक क्रमांक तीन म्हणजे मी. मी मोजले ते शब्द. तिचे समजून मोजले."

मला वाटलं आता उठेल, कागद फेकेल, काहीतरी म्हणेल, आणि मी वाट बघत होते, कारण त्याने काहीही म्हटलं असतं तर ते मला हवंच होतं. त्याने पत्र गुडघ्यावर सपाट केलं आणि बोट 'पुढील'वर ठेवलं, मधल्या अक्षरावर.

"बाई म्हणतात, बाकी सगळ्या अक्षरांना तुला महिने लागले, हे एक कसं पहिल्याच दिवशी आलं?" तो म्हणाला. "हे मला तेव्हापासूनच येतं. पाठीवर काढायचीस ना तू. वरची रेघ, मग खाली, मग गोल. डोळ्यांनी नाही आलं, पण पाठीला समजायचं. घरी तुझं बोट आणि तिथे खडू, हात एकच." त्याने पत्राची घडी घातली, निळी पट्टी बाहेर येईल अशी. "बाईंना नाही सांगितलं मी. मॉनिटर कोण होती ते त्यांना आता आठवत नाही, त्यांना वाटतं दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीने लिहिलं."

मग तो उठला. चहा निवून गेलाच होता, म्हणाला, "थांब, मी टाकतो दुसरा," आणि शेगडीकडे वळला. पाठ माझ्याकडे करून तो उभा होता, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, इस्त्री केलेला शर्ट, रुंद, स्वच्छ पाठ, आणि चहाचं पाणी मोजून घेत होता. सूड घ्यायचाच होता तर आता माणूस बरोबर सापडलं होतं. मी बॅगेतून कोरा कागद काढला, पेन काढलं. अर्ज पुन्हा दुसऱ्याकडे वाचायला जावा म्हणून पहिला नियम मोडल्याचं जे पत्र द्यायचं असतं ते आकड्याने चालत नाही, त्याच्याखाली पूर्ण नाव लिहावं लागतं.